डॉक्टरांनी सांगितलेली दोन वर्षं आणि बाबांची संत्र्याची कलमं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नागपुरात मानेवाडा भागात राहणाऱ्या एका लेकीचं हे पत्र आहे. वडील 64 वर्षांचे, काटोल तालुक्यातले संत्रा बागायतदार. शौचावाटे रक्त जात होतं, वजन उतरत होतं. फेब्रुवारीत तपासणी केली तेव्हा मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात कॅन्सर निघाला आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतातही गाठी दिसल्या. उपचारासाठी वडील लेकीकडेच राहतात. केमोच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत. केबिनबाहेर डॉक्टर तिला एकटीला म्हणाले, “साधारण दोन वर्षं धरून चाला.” त्या रात्री तिने इंटरनेटवरच्या एका कॅल्क्युलेटरमध्ये रिपोर्टमधले आकडे भरले. एक वर्ष जगण्याची शक्यता 58 टक्के, असं उत्तर आलं. मावसभाऊ मात्र सांगतो की त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ याच आजारात नऊ वर्षं जगले. वडिलांना एवढंच सांगितलं आहे की आतड्यात गाठ आहे आणि औषधाने ती बसेल. त्यांना या पावसाळ्यात जुनी बाग काढून तीन एकरांत नवी कलमं लावायची आहेत, त्यासाठी कर्जही काढायचं आहे. फळ धरायला पाच वर्षं लागतात. गावी शेती बघणाऱ्या भावाला यातलं काहीच माहीत नाही. ती विचारते: कोणता आकडा खरा? बाबांना सांगू का? आणि कलमं लावू द्यायची का?

प्रिय ताई,

तुमचे बाकीचे दोन्ही प्रश्न पहिल्या प्रश्नावर उभे आहेत, म्हणून सुरुवात आकड्यापासूनच करते.

डॉक्टर ‘दोन वर्षं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बाबांसारखे शंभर रुग्ण असतात. कोण किती जगलं त्या क्रमाने त्यांना रांगेत उभं केलं, तर मधोमध उभा असलेला माणूस जितका जगला, तो हा आकडा. निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते. बाबा त्या रांगेत नेमके कुठे आहेत, ते या आकड्यात कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या घरात हे समजवायला सोपं जाईल. व्यापारी बगीचा फिरून बघतो आणि झाडावरच्या मालाचा ठोक सौदा करतो. सगळ्या बगीच्याचा त्याचा अंदाज फारसा चुकत नाही. पण तिसऱ्या ओळीतल्या सातव्या झाडाला किती फळं निघतील, ते तो सांगू शकत नाही आणि सांगायला जातही नाही.

म्हणून एका आकड्याऐवजी पट्टा मागावा. ऑस्ट्रेलियातल्या काही कर्करोगतज्ज्ञांनी पसरलेल्या कॅन्सरच्या अनेक अभ्यासांमधले आकडे तपासून एक उपयोगी ठोकताळा मांडला आहे. मधला आकडा दोन वर्षं असेल, तर साधारण निम्मे रुग्ण त्याच्या निमपट ते दुप्पट काळात मोडतात, म्हणजे एक ते चार वर्षं. दहातला एखादा सहा महिन्यांच्या आतच जातो. आणि दहातला एखादा तिप्पट किंवा त्याहून अधिक, म्हणजे सहा वर्षांपलीकडेही जातो. हा पट्टा फार रुंद वाटेल, पण तो तुम्हाला मिळालेल्या एका आकड्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे आणि नियोजनालाही जास्त कामाचा आहे. ‘दोन वर्षं’ ऐकून माणूस तारीख मोजत बसतो. पट्टा समोर असला की सहा महिन्यांची तयारीही करता येते आणि सहा वर्षांची जागाही ठेवता येते.

आता माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलं आहे की जीनच्या तपासण्या सांगितल्या होत्या पण खर्चामुळे थांबवल्या, आणि ‘यकृताचं ऑपरेशन होणार नाही असं वाटतं’. हे तुम्हाला वाटतं, की यकृताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाने स्कॅन बघून सांगितलं आहे? या एका गोष्टीने आकडा जितका हलतो, तितका क्वचितच कशाने हलत असेल.

मोठ्या आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून हा आजार बहुतेकदा आधी यकृतातच पसरतो. गाठी फक्त तिथेच असतील आणि त्या काढून पुरेसं निरोगी यकृत मागे उरत असेल, तर शस्त्रक्रिया होऊ शकते. अशा निवडक रुग्णांमध्ये पाच वर्षांनंतर हयात असणारे शंभरात 40 च्या आसपास असतात, आणि थोडे तर पूर्ण बरे होतात. सुरुवातीला ऑपरेशन न होण्याजोगे असलेले काही जण केमोने गाठी आकसल्यावर त्या यादीत येतात. पण केमो फार लांबली तर यकृतही थकतं, म्हणून त्या सर्जनने आत्ताच, पहिल्या काही फेऱ्यांतच स्कॅन बघायला हवा. जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, स्कॅनची सीडी न्या. सर्जन चित्रं बघतो. उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, मात्र ते ज्याला कळतं त्याच्या तोंडून यावं.

जीन तपासण्यांचंही तसंच आहे. आरएएस जीनमध्ये बदल आहे का, हे बघतात. साधारण निम्म्या रुग्णांमध्ये तो असतो, आणि तो असला तर औषधांचा एक पूर्ण गट उपयोगाचा राहत नाही. बीआरएएफ या दुसऱ्या जीनमधला बदल दहात एकालाही नसतो, पण असला तर आजार वेगाने जातो आणि दोन वर्षांचा अंदाज खाली आणावा लागतो. एमएसआय नावाची तपासणी पसरलेल्या आजारात शंभरातल्या चार-पाच जणांचीच पॉझिटिव्ह येते. पण ज्यांची येते त्यांच्यासाठी इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, रस्ता उघडतो आणि त्यांना हा जुना आकडा लागूच पडत नाही. या तपासण्यांसाठी बहुतेक वेळा नवी बायोप्सी करावी लागत नाही. पहिल्या बायोप्सीत काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असतो, तो लेखी मागून घ्यायचा आणि तपासणीला पाठवायचा. पैशांची अडचण मी हलकी समजत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो आणि शस्त्रक्रियेची पॅकेजेस आहेत. तुमच्या रुग्णालयात योजना लागू असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की यातलं काय योजनेत बसतं. नसेल बसत, तर समाजसेवा विभागात ट्रस्टच्या मदतीची चौकशी करा. सगळं एकदम जमणार नसेल, तर कोणती तपासणी आधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

थोडक्यात, तुमच्या हातातला आकडा या माहितीशिवायचा आहे. डॉक्टरांनी तो चुकीचा दिला असं मी म्हणत नाही. त्या क्षणी हातात होतं त्यावरून दिला.

तुम्हीच लिहिलेल्या काही गोष्टी बाबांच्या बाजूच्या आहेत. गाठ डावीकडे आहे. उजवीकडच्यांपेक्षा डावीकडच्या गाठींचा अनुभव सर्वसाधारणपणे बरा असतो. शिवाय बाबा रोज सकाळी तुकडोजी पुतळ्यापर्यंत चालत जाऊन पेपर आणतात. पत्रात तुम्ही हे सहज लिहून गेलात, पण डॉक्टर मंडळी याला फार वजन देतात. माणूस स्वतःचं स्वतः किती करतो, दिवसाचा किती वेळ अंथरुणाबाहेर असतो, यासाठी त्यांच्याकडे शून्य ते चार अशी मोजणी असते आणि अंदाज बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सूत्रात ती येते. सोबत रक्तातलं अल्ब्युमिन, एलडीएच, अल्कलाइन फॉस्फटेज, पांढऱ्या पेशी, सीईए, आणि आजार किती अवयवांत आहे, हे सगळं बघतात.

कॅल्क्युलेटर याच गोष्टींवर चालतात. ते थोतांड नाहीत. अर्काड नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने तर वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून असं एक साधन तयार केलं आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, या नोंदी मुख्यतः औषधांच्या चाचण्यांमधल्या रुग्णांच्या असतात. हे लोक सरासरीपेक्षा तरुण, धडधाकट आणि बहुतांशी परदेशातले. दोन, अशी साधनं गटासाठी बरी चालतात, एका माणसासाठी डळमळीत असतात. दोन रुग्ण समोर ठेवून ‘यातला जास्त कोण जगेल’ असं विचारलं, तर ती दहातून सातेक वेळा बरोबर सांगतात. नुसती नाणेफेक केली तरी पाच वेळा बरोबर येतंच. आणि तुम्ही भरलेले रक्ताचे आकडे फेब्रुवारीतले होते, केमो सुरू होण्याआधीचे. 58 टक्के हे बाबांचं आजचं चित्र नाही. ते पान पुन्हा रात्री उघडून बसू नका, एवढी माझी विनंती आहे.

काही वाचकांना वाटेल की डॉक्टर मुद्दाम कमी सांगतात, म्हणजे नंतर श्रेय घेता येतं. अभ्यास उलट सांगतात. 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शिकागोतला एक अभ्यास आला होता. अखेरच्या टप्प्यातल्या 468 रुग्णांबद्दल 343 डॉक्टरांना विचारलं होतं. त्यातले वीस टक्के अंदाज बरोबर निघाले आणि 63 टक्के अंदाज जास्त आशावादी. डॉक्टरची रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. म्हणून ‘दोन वर्षं’ ही खालची मर्यादा समजून निर्धास्त होऊ नका, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते.

मावसभावाच्या ओळखीचे गृहस्थ नऊ वर्षं जगले असतील, नक्कीच. त्यांचा आजार कोणत्या टप्प्यावर होता, यकृताचं ऑपरेशन झालं होतं का, हे विचारून बघा. नऊ वर्षं जगलेला माणूस ऑफिसात, लग्नात भेटतो आणि त्याची गोष्ट सांगितली जाते. नऊ महिन्यांत गेलेल्याची गोष्ट आपल्यासमोर कोणी काढत नाही. उलट बाजूने, इंटरनेटवर ‘सरासरी एक वर्ष’ दिसलं तर ते बहुधा जुन्या काळाचं असतं. फक्त एका औषधावर भिस्त होती तेव्हा मधला आकडा वर्षभराच्या आसपास होता. आता सुयोग्य उपचार मिळालेल्या रुग्णांच्या चाचण्यांत तो अडीच वर्षांपर्यंत गेला आहे.

आता बाबांना सांगण्याबद्दल. त्यांना काही कळलेलं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तशी खात्री वाटत नाही. केमोचा डे केअर वॉर्ड तुम्ही बघितला आहे. शेजारच्या खुर्चीवर चंद्रपूरचा कोणी, पलीकडे बालाघाटचा कोणी, हातात कापड दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. चार तास सलाइन उतरत असतं आणि एकमेकांना प्रश्न एकच: तुमचं कुठं आहे, कितवी फेरी, लिव्हरमध्ये गेलं का? तिथे बाबा तीनदा बसून आले आहेत. शिवाय जन्मभर संत्रा केलेला माणूस कलम विकत घेतानाच पाच वर्षांचा हिशेब करतो. याच पावसाळ्यात लागवड करायची घाई त्यांना का झाली आहे, याचा एकदा विचार करा. मला तर वाटतं, त्या घाईतच त्यांनी तुम्हाला अर्धं उत्तर देऊन टाकलं आहे.

याचा अर्थ आज संध्याकाळी त्यांना ‘दोन वर्षं’ ऐकवा, असा नाही. आकडा कळणं हा त्यांचा हक्क आहे आणि न कळवून घेणं हाही त्यांचाच हक्क आहे. त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. सोपा मार्ग म्हणजे विचारणं. जेवण झाल्यावर, टीव्ही बंद असताना: “बाबा, पुढच्या वेळी डॉक्टरांना पुढचं सगळं विचारायचं आहे. तुम्हालाही ऐकायचं आहे, की मी आणि दादाने ऐकून घ्यायचं?” ते म्हणतील, “तूच बघ बेटा.” मग त्याचा मान ठेवा, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा विचारा, कारण माणसाचं मन बदलतं. किंवा ते थांबतील आणि म्हणतील, “किती दिवस म्हणतात?” त्या वेळी ‘काही नाही हो, बरं होईल’ असं म्हणून विषय मोडू नका. “आजार यकृतात गेला आहे. औषधाने आटोक्यात राहील, पण मुळासकट जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत,” एवढं खरं सांगा आणि थांबा. पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या. आईला या बोलण्यातून बाहेर ठेवू नका. आपल्याला फुलासारखं जपलं आणि शेवटी आपल्यालाच काही माहीत नव्हतं, हे दुःख मी अनेक घरांतल्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते लवकर जात नाही.

कलमांच्या प्रश्नात तुम्ही एक गोष्ट न बोलता धरली आहे: बाबांनी फळ खाल्लं नाही तर लागवड वाया गेली. बागायतीत असं कधी होतं का? तीन एकरांतलं फळ दादा तोडणार आहे. म्हणून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. दादाला पुढची वीस वर्षं संत्रा करायचा आहे का? त्याने कधी तोंडाने तसं म्हटलं आहे का? विहिरीला उन्हाळ्यात पाणी पुरतं का? आणि सर्वांत मोठा प्रश्न, कर्ज कोणाच्या नावावर आणि उपचाराचा पैसा त्यात ओढला जाणार का?

माझं मत विचाराल तर लागवड होऊ द्या, पण कर्ज काढून तीन एकर एकदम नको. सहा बाय सहा मीटरवर एकरी 110 च्या आसपास झाडं बसतात. यंदा एक एकर, हातातल्या पैशांत. जुनी बाग थोडंफार उत्पन्न देत असेल तर बाकीची दोन एकर तशीच राहू दे. नव्या ओळींमध्ये पहिली काही वर्षं सोयाबीन, हरभरा घेता येतो, म्हणजे जमीन रिकामी राहत नाही. खड्डे, खुंट, कलमाची निवड यांत बाबांची नजर लागेल ते काम या पावसाळ्यात होईल, आणि त्यांचं ज्ञान दादाकडे जाईल. उपचारांसाठी ठेवलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला लागवडीसाठी हात लावायचा नाही, हे तिघांनी मिळून ठरवा. हा हिशेब बाबांपासून लपवण्याजोगा नाही. तो त्यांच्यासमोरच झाला पाहिजे.

पट्ट्याचं खालचं टोक, म्हणजे सहा महिने, डोळ्यांसमोर ठेवून करायची कामं आत्ताच उरका. सातबारा, बँकेतलं नॉमिनेशन, विमा, मृत्युपत्र. बाबा धडधाकट असताना हे बोलणं व्यवहाराचं वाटतं, नंतर तेच अशुभ वाटायला लागतं. शेवटच्या काळात व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको, याबद्दलची इच्छाही त्यांना लिहून ठेवता येते. 2023 पासून त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हा विषय मात्र बाबांनी स्वतः तोंड उघडल्यावरच काढा.

पुढच्या ओपीडीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या कॅन्सर ओपीडीत, तुकडोजी रुग्णालय असो, जामठ्याचं कॅन्सर रुग्णालय असो की सरकारी मेडिकल कॉलेज, पूर्व विदर्भ आणि शेजारच्या दोन राज्यांतले रुग्ण येतात. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, आणि लिहिलेला प्रश्न टाळला जात नाही. ‘किती दिवस’ असं विचारू नका. विचारा: सगळं चांगलं गेलं तर किती, वाईट गेलं तर किती, आणि बहुतेकांचं कसं जातं? यकृताच्या सर्जनचं मत घेतलं का? कोणता रिपोर्ट आला की तुमचा अंदाज बदलेल? पहिला स्कॅन कधी, आणि त्यात काय दिसलं तर औषध बदलणार? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाठी किती आकसतात, यावरून पुढचं बरंच कळतं. प्रत्येक स्कॅननंतर हेच प्रश्न पुन्हा विचारायचे. फेब्रुवारीतला अंदाज दिवाळीत चालत नाही.

वेदना, भूक, झोप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची भेट आत्ताच घ्या. आपल्याकडे ते नाव काढलं की घरात रडारड सुरू होते, पण ही सेवा केमोसोबतच चालते आणि रुग्णाचे दिवस सुसह्य करते. पुढे कधी बाबा दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ पडून राहायला लागले, वजन झरझर उतरलं, डोळे पिवळे दिसले किंवा पोटात पाणी झालं, तर काळ महिन्यांत मोजायची वेळ जवळ आली असं समजा आणि आणखी केमो द्यायची का, हा प्रश्न स्पष्टपणे विचारा.

शेवटी तुमच्याबद्दल. केबिनबाहेर उभ्या-उभ्या ऐकलेलं एक वाक्य तुम्ही इतके आठवडे एकट्या सांभाळत आहात, वर घर, नोकरी आणि बाबांचं पथ्य. दादाला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही, असं लिहिलंत. तो त्रास त्याच्या वाट्याचा आहे, तो त्याला घेऊ द्या. फोनवर सगळं सांगायची गरज नाही. “पुढच्या फेरीला तू ये, या वेळी डॉक्टरांकडे तूही चल,” एवढंच म्हणा. काटोलहून सकाळची एसटी धरली तर ओपीडीच्या नंबराआधी तो पोहोचतो.